तिसऱ्या नळीची साक्ष

माझ्या कचेरीतील मेजावर, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून, एक जळका पिस्टन ठेवलेला असतो. येणारे पक्षकार त्याच्याकडे कुतूहलाने पाहतात. कोणी तो हातात घेऊन वजन अजमावतात. आणि बहुतेक जण हा एखाद्या अपघाताच्या दाव्यातील मुद्देमाल असावा अशा समजुतीने तो मुकाट्याने जागच्या जागी ठेवून देतात. एका अर्थी तो मुद्देमालच आहे. मात्र त्या प्रकरणी फिर्याद कोणी दिली नाही, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्यासारखा जो एकच इसम होता तो मी स्वतः होतो.

वाचकांना आधीच सांगून टाकतो की, यंत्रशास्त्रात माझी गती बेताचीच. आमच्या लहानपणी घरी एक पद्मिनी फियाट होती. वर्षातून एकदा कुलदेवतेच्या दर्शनासाठी आम्ही बेळगावहून लोंढा, अनमोड, मोलें अशा वाटेने गोव्यात उतरत असू. जाताना देवाच्या कृपेने उतार असे. परतताना घाट लागला की गाडी हटकून आचके देऊ लागे. मग वडील धोतराचा सोगा खोचून बॉनेट उघडत, कार्ब्युरेटरमधला पितळी जेट काढीत, आकाशाकडे धरून त्यातून उजेड दिसतो का ते पाहत आणि तोंडाने एक दणदणीत फुंकर मारीत. एवढ्यावर काम भागे. मोटारीचे पेट्रोल फुंकरीने वठणीवर येते, या बालपणीच्या समजुतीवर मी वयाची चाळिशी ओलांडेपर्यंत निर्धास्त होतो. ती समजूत ज्या दिवशी मोडली त्या दिवसाची हकीकत पुढे येईलच.

कार्ब्युरेटरमध्ये इंजिन हवा ओढते आणि त्या हवेच्या ओढीने पेट्रोल आपोआप वर येते. इंजेक्टरची तऱ्हा निराळी. तो म्हणजे बोटाएवढी एक झडप. आत विजेचे वेटोळे, त्याने उचलली जाणारी एक सुई, आणि टोकाला बारीक भोकांची एक चकती. मागे पेट्रोल दाबाखाली उभे असते. इंजिनाचा संगणक जितका वेळ वीज देईल तितका वेळ सुई वर राहते आणि तितकेच पेट्रोल तुषार होऊन आत जाते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास अशी विजेवर चालणारी योजना आणली होती. पण ती थोड्याच गाड्यांना बसली आणि त्यांपैकी बहुतेकांवर पुढे निमूटपणे कार्ब्युरेटर चढवावा लागला. ती कल्पना खऱ्या अर्थाने नांदू लागली ती १९६७ मध्ये, बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही योजना फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली तेव्हा. आपल्याकडे बंगलोरची मायको १९५१ पासून होती खरी, पण तिचे नाव मुख्यतः डिझेलचे पंप-नोझल आणि स्पार्क प्लग यांसाठी घरोघर माहीत. पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला तो पुष्कळ पुढे, धुराविषयीचे नियम कडक झाल्यावर.

आता यात टर्बोची भर घाला. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा कोंबून आत भरते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले होते. हवा जास्त कोंबली की पेट्रोलही त्या मानाने जास्त द्यावे लागते. किंबहुना जळण्यापुरते लागते त्याहून थोडे अधिकच द्यावे लागते, कारण त्या जादा पेट्रोलाच्या बाष्पाने सिलिंडरच्या पोटातली आग आटोक्यात राहते. हे जादा पेट्रोल कोठे कमी पडले, तर ज्योत पोचण्याची वाट न पाहता उरलेले मिश्रण ठिकठिकाणी आपल्याआपण पेटते. पितळेच्या तपेल्यात खडे हालवावेत तसा आवाज येतो आणि काही सेकंदांत अॅल्युमिनियमचा पिस्टन मेणासारखा होतो.

माझ्या भाच्याने चार वर्षांपूर्वी एक जुनी फियाट लिनिया टी-जेट विकत घेतली. ही गाडी भारतात २०१० मध्ये आली. चौदाशेच्या आतबाहेरचे टर्बो इंजिन, कागदावर ११४ अश्वशक्ती. त्या काळी आपल्या रस्त्यांवर हा आकडा दबदबा निर्माण करणारा होता. पुढे फियाटने इथला मोटारींचा संसार आवरला आणि या गाड्या ज्यांच्याकडे राहिल्या त्यांच्याकडे त्या वडिलोपार्जित जमिनीसारख्या, ममतेने आणि खटल्यांसह, राहिल्या. भाचा उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरी करतो. त्याला त्या इंजिनातून १८० अश्वशक्ती काढावयाच्या होत्या. मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, नवा संगणक, अशी त्याची यादी तयार होती.

येथे मामाला काळा कोट घालून मध्ये पडावे लागले. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आली. विम्याची गोष्ट तर बोलूच नये. अपघातानंतर विमा कंपनीचा वकील असल्या गाडीला उभी चिरतो, हे मी त्या बाजूनेही काम केलेले असल्यामुळे जाणतो. मी भाच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या. गाडी जशी आहे तशी रस्त्यावर चालवावी. नाहीतर तिची नोंदणी रद्द करून घेऊन ती बंदिस्त धावपट्टीपुरतीच ठेवावी आणि तेथवर दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी. त्याने एक रात्र विचार केला आणि दुसरी वाट धरली. चोवीस वर्षांच्या मुलाने आपली एकुलती एक गाडी रस्त्यावरून उतरवून ठेवावी आणि स्वतः बसने कामावर जावे, याचे मला त्या वेळी जितके वाटायला हवे होते तितके वाटले नाही, हे आज कबूल करतो.

कदाचित त्याचीच भरपाई म्हणून असेल, त्याच्यासाठी इंजेक्टर मी आणले. एका कामानिमित्त एका मोठ्या शहरी गेलो होतो. तेथल्या मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात एका दुकानदाराने मला चार इंजेक्टर दाखवले. डबी चकचकीत, अंगावर एका विख्यात कंपनीचे नाव कोरलेले, ‘४४०’ हा आकडा ठळक. भाच्याने जो आकडा सांगितला होता तोच. किंमत मात्र त्याने सांगितली होती तिच्या तिसरा हिस्सा. मी पावती मागितली. त्याने पाटीच्या कागदावर एक रक्कम लिहून दिली. दुसऱ्याच्या खरेदीखतात एक स्वल्पविराम चुकला तरी तो शोधून काढणारा मी, तो कागद घडी करून खिशात घातला आणि आपण मोठे व्यवहारचतुर आहोत अशा आनंदात स्टेशनची वाट धरली.

गाडी तयार झाली. मेस्त्री म्हणाले होते की, बसवण्यापूर्वी इंजेक्टर एकदा बाकावर मोजून घेऊ. त्यांचे चाचणीचे यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीला गेले होते. कोइंबतूरच्या धावपट्टीवर सरावाचा दिवस ठरलेला होता. “नवे कोरे आहेत हो, मोजायचे काय त्यात?” असे मी म्हणालो. हे वाक्य माझेच. ते दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

कोइंबतूरला नवव्या फेरीत गाडीच्या मागून निळा धूर निघाला. इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड, वरच्या दोन रिंगांच्या मधली, नखाएवढी वितळून नाहीशी झाली होती. बाकीचे तीन पिस्टन लख्ख. तोच हा माझ्या मेजावरचा.

भाचा मला एक अक्षर बोलला नाही. मी नवीन पिस्टनचे आणि सिलिंडर घासून घेण्याचे पैसे देऊ केले, तो म्हणाला, “राहू द्या मामा, बघू.” त्याच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, दिवाळीला ओवाळताना “गाडीचं काय झालं रे?” एवढेच विचारले, तेव्हाही त्याने विषय बदलला. न्यायालयात गप्प बसणारा साक्षीदार मला पुष्कळ भेटले आहेत. घरातला गप्प बसणारा माणूस फार जड जातो.

इकडे मला एक कोडे सुटत नव्हते. गाडीच्या धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा सेन्सर होता, त्याची सगळी नोंद संगणकात होती, आणि ती नोंद मी स्वतः डोळ्यांनी पाहिली होती. एक भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा. टर्बोच्या गाडीला साजेल असे ओलसर, सुरक्षित मिश्रण. मग पिस्टन जळला कसा? मेस्त्रींचे यंत्र एव्हाना परत आले होते. त्यांनी चारही इंजेक्टर त्यावर चढवले. यंत्र म्हणजे एक पेटी, वर दाबाखालच्या तेलाची आडवी नळी, तिला लटकवलेले चार इंजेक्टर आणि प्रत्येकाखाली आकडे कोरलेली काचेची उभी नळी. पेट्रोल त्यात वापरीत नाहीत, भडका उडण्याचे भय. सहज पेट न घेणारे चाचणीचे तेल असते. कळ दाबली आणि चारही धारा सुरू झाल्या. पिंडीवरच्या अभिषेकपात्राची धार मी आयुष्यभर पाहत आलो आहे. पण चार पात्रे शेजारी शेजारी टांगून कोणाची धार बारीक आहे हे पाहण्याचा प्रसंग पहिल्यांदाच आला. पहिली, दुसरी आणि चौथी नळी बरोबरीने चढत होती. तिसरी मागे रेंगाळत होती.

मेस्त्रींनी मिनिटाचा हिशेब करून आकडे लिहिले: ४३८, ४३१, ३७९, ४४२ घन सेंटिमीटर. मी वकिली सवयीने बेरीज करून सरासरी काढली. ४२२ आणि वर थोडे. “सरासरी तर काही वाईट नाही,” मी म्हणालो.

मेस्त्री हसले. “सरासरी काय करतीय वकीलसाहेब? पिस्टन सरासरीनं जळत नाही. ज्याचा त्योच जळतोय की.”

त्या एका वाक्याने सगळा उलगडा झाला. सेन्सर बसतो तो चारही सिलिंडरांचा धूर एकत्र मिसळल्यानंतर. तो जे सांगतो ती चौघांची गोळाबेरीज. तिघे थोडे ओले, एक बराच कोरडा, आणि बेरीज मात्र निर्दोष. हिशेब केला तर सरासरी ११.८ असताना तिसऱ्याच्या वाट्याला पेट्रोलच्या एका भागामागे १३ च्याही वर हवा येत होती. पूर्ण दाबाखाली एवढी कोरड त्या पिस्टनला मारायला पुरेशी होती. चारी साक्षीदारांचा एकच जबाब टाइप करून खाली चौघांच्या सह्या घेणारे फौजदार आम्ही पाहिलेले आहेत. तिसऱ्याला काही निराळे सांगावयाचे होते हे त्या कागदावरून कधीच कळत नाही.

यानंतर दोन आठवड्यांनी भाचा कचेरीत आला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांची सोय त्याने स्वतःच्या पगारातून केली होती. तो म्हणाला, “मामा, इंजेक्टर या खेपेलाही तुम्हीच निवडा. फक्त दुकानात जाऊन नको. इथं कचेरीत बसून निवडा. कागद वाचायला तुमच्याइतकं कोण आहे?” आणि सगळी यादी माझ्यापुढे टाकून निघून गेला. माझ्या वकिलीच्या आयुष्यात यापेक्षा मोठे वकीलपत्र मला कोणी दिलेले नाही.

मी प्रथम किती मोठा इंजेक्टर हवा याचा हिशेब मांडला. तो शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे जात नाही. टर्बोचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असता दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल खाते, असे धरून चालतात. १८० अश्वशक्तींना ताशी ४८.६ किलो, मिनिटाला ८१० ग्रॅम, चौघांत वाटले तर प्रत्येकी २०२ ग्रॅम, म्हणजे साधारण २७४ घन सेंटिमीटर. पण इंजेक्टर अखंड उघडा ठेवून चालत नाही. सहा हजार फेऱ्यांच्या वेगाला एका फवाऱ्यासाठी एकंदर वीस हजारांश सेकंद मिळतात, त्यांपैकी सोळापर्यंत सुई उघडी असावी. बाकीचा वेळ तिला मिटायला आणि निवायला लागतो. म्हणून २७४ ला ०.८ ने भागले, ३४२ आले. त्यात आजचे पेट्रोल जमेस धरावे लागते. २०२५ मध्ये देशाने वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले, आणि आता पंपावर तेच मिळते. इथेनॉलच्या अंगी प्राणवायू आधीच असल्यामुळे तेवढेच काम करायला ते अधिक लागते. वीस टक्के मिश्रणाला सुमारे सात टक्के जादा धरले की ३६६. आमच्या जिल्ह्यातल्या उसाच्या फडातून निघणारा हा रस अशा रीतीने भाच्याच्या हिशेबात येऊन बसला.

३६६ च्या गरजेला ४४० चा इंजेक्टर म्हणजे ऐसपैस, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले. पण एका विक्रेत्याच्या पत्रकात अगदी बारीक अक्षरात मला ‘४ बार’ हे दोन शब्द दिसले, आणि बारीक अक्षर वाचणे हाच तर माझा धंदा. इंजेक्टरचा प्रवाह नेहमी ३ बार दाबाला सांगण्याचा शिरस्ता आहे. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो; तेव्हा ४ बारला ४४० देणारा इंजेक्टर ३ बारला ३८१ च देतो. एवढ्यावर भागत नाही. भाच्याच्या गाडीत पेट्रोलचा दाब ३.५ बारला कायमचा बांधलेला आहे, आणि टर्बो जोरात असता समोरून १ बारची हवा उलट रेटत असते. राहिला अडीच बार. तेवढ्यावर खरा ४४० चा इंजेक्टर ४०२ देतो, म्हणजे गरज भागून वर दहा टक्के शिल्लक. आणि त्या पत्रकातला ४४० चा देतो ३४८. नेमक्या ज्या क्षणी पेट्रोल हवे त्याच क्षणी १८ ने कमी. दोघांच्या डबीवर आकडा एकच.

मग मोठ्यात मोठाच का घेऊ नये? असा सल्ला मला पुष्कळांनी दिला. एका विक्रेत्याने तर हजारचे इंजेक्टर सुचवून “पुढेमागे वाढवायला जागा राहील” असे, घरबांधणीच्या कंत्राटदाराच्या थाटात, कळवले. पण इंजिनाला फक्त पळायचे नसते, उभेही राहायचे असते. ते मंद चालत असता एका फवाऱ्याला एका थेंबाचाही लहानसा अंश पुरतो. ४४० चा इंजेक्टर तेवढे पेट्रोल देण्यासाठी सुमारे ०.९ हजारांश सेकंद खुला लागतो, हजारचा ०.४. आता वीज मिळाल्यापासून सुई खरोखर उचलली जाईपर्यंतच सुमारे एक हजारांश सेकंद वाया जातो. तो मृतकाळ बॅटरीचा दाब उतरला की वाढतो. पंखा लागला, दिवे लागले की वाढतो. एवढ्या गडबडीत ०.४ चा हुकूम नेमका पाळला जाईल असे मानणे म्हणजे घाईत असलेल्या कारकुनाकडून शब्दन् शब्द बरोबर नक्कल मिळेल असे मानण्यासारखे आहे. गाडी कधी गुदमरते, कधी भुकेजते आणि चालवणारा बिचारा प्लग बदलीत बसतो.

हा मृतकाळच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटू लागला. प्रवाहाचा आकडा सगळेच छातीठोकपणे सांगतात. पण बॅटरी १४ व्होल्टला असता तुमचा इंजेक्टर किती उशिरा उघडतो, १२ ला किती, १० ला किती, हे ज्याने खरोखर मोजले आहे तोच सांगू शकतो; आणि हे आकडे संगणकात भरल्यावाचून त्या इंजेक्टरचे वागणे संगणकाला कळायचे कसे? मी तीन विक्रेत्यांना तोच एक प्रश्न लिहून विचारला. पहिल्याचे उत्तर: “साहेब, सगळे हेच बसवतात.” १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १३४ व्या कलमाचा आम्हा वकिलांवर संस्कार असा की, साक्षीदार किती यापेक्षा साक्ष कशी हे पाहावे; सगळे हेच बसवतात, याला तेथे काडीची किंमत नाही. दुसऱ्याने इंजेक्टरचे सुंदर छायाचित्र धाडले. त्याचे इंजेक्टर कमी रोधाचे, दोन-तीन ओहमचे निघाले; आमच्या संगणकाला बारा ओहमच्या आसपासचे लागतात, नाहीतर संगणकच जळतो. तिसरा अधिकृत वितरक. त्याने दोन दिवस काहीच कळवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी चार पानांचा कागद आला: व्होल्ट आणि दाब यांच्या कोष्टकात मृतकाळ, चारही इंजेक्टरांचे अनुक्रमांक, प्रत्येकाचा स्वतंत्र प्रवाह आणि तो कोणत्या दाबाला मोजला ते. किंमत माझ्या त्या प्रसिद्ध खरेदीच्या तिपटीहून थोडी अधिक, आणि पक्की पावती. मी तो कागद दोनदा वाचला. असा दस्त समोरच्या पक्षाने हजर केला असता तर मला उलटतपासणीला फारसे काही उरले नसते.

तरीही कागदावर विसंबून काय होते हे मेजावरचा पिस्टन मला सांगत होताच. पार्सल मी फोडलेच नाही. तसेच उद्यमबागेत घेऊन गेलो. भाचा कामावरून परस्पर आला. मेस्त्रींनी प्रथम वेटोळ्यांचा रोध मोजला, मग दाब देऊन, वीज न देता, एक मिनिट नुसते पाहत उभे राहिले. मिटलेल्या इंजेक्टरने थेंबही गाळता कामा नये. गाळला तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या सिलिंडरात पेट्रोल साचते. चौघांपैकी एकाच्याही टोकाला ओल नव्हती. मग १५ सेकंदांची धार. चारही नळ्या एका रेषेत चढल्या. ११०, १०९, १११, ११०. तिसऱ्या नळीशी भाचा वाकून, डोळा रेषेच्या पातळीला आणून, बराच वेळ पाहत राहिला. मेस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. यंत्र तासभर चालू ठेवून, इंजेक्टर तापल्यावर त्यांनी पुन्हा धार घेतली. वेटोळे तापले की काही इंजेक्टरांचा स्वभाव बदलतो म्हणे. यांचा बदलला नाही.

तुषार कसा पडतो तेही त्यांनी मला दाखवले. जुन्या चारांपैकी तिसऱ्यातून पिचकारीसारखी एक कडेची शीर निघत असे. नव्यांतून धुक्यासारखा शंकू पडत होता. फुंकर मारून हे दुरुस्त होण्याजोगे नव्हते, हे मात्र मी वडिलांच्या आठवणीने विचारून घेतले. मेस्त्री म्हणाले, जुने मुळातच भोके चुकवून पाडलेले होते. धुऊन काय होणार?

एक सूचना त्यांनी वर दिली, ती बेळगावच्या पावसात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. वर्षातले चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवायच्या गाडीच्या टाकीत अर्धे पेट्रोल ठेवून दिले तर खाली पाण्याचा थर बसतो, तो गंज होऊन इंजेक्टरच्या तोंडाशी येतो, आणि मग अधिकृत वितरकाचा अनुक्रमांक कामाला येत नाही. तेव्हा टाकी एकतर पूर्ण भरून ठेवावी, नाहीतर निखळ रिकामी करावी. महिन्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि गोल वळी इथेनॉल सोसणाऱ्या असाव्यात, कारण २०१० च्या सुमाराच्या रबराला ते मानवत नाही. भाच्याने त्या सगळ्या बदलून घेतल्या. त्याचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले. का, ते त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

खंडेनवमीला उद्यमबागेतले सगळे कारखाने पूजेसाठी मोकळे होतात. त्या सकाळी मेस्त्रींच्या गॅरेजात गेलो तेव्हा पाने, हातोडे, टॉर्कचा पाना असे सगळे धुऊन पुसून मांडलेले होते आणि झेंडूच्या माळेखाली चाचणीचे यंत्रही होते. यंत्रावर आमच्या चार इंजेक्टरांचा आकड्यांचा कागद मेस्त्रींनी खिळ्याला टोचून ठेवला होता. भाच्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या प्रयत्नात लागली, क्षणभर वर चढली आणि मग ८५० फेऱ्यांवर येऊन, काटा न हालता, उभी राहिली. भाच्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो सेन्सरचे आकडे पाहत होता.

“तिसऱ्याचं काय रे?” मी विचारले.

“त्याचं आता वेगळं दिसतंय मामा,” तो म्हणाला. प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या नळीत उष्णता मोजणारी एकेक सुई त्याने या खेपेला बसवून घेतली होती. चार आकडे, चार ओळींत. मी चष्मा लावून वाकलो, तेवढ्यात मेस्त्रींच्या घरच्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिले आणि थोडे कुंकू त्या कागदावर सांडले. तो कागद आता माझ्याकडे आहे, पिस्टनखाली; डाग पडलाय तो १११ च्या शेजारी.